पोथीची शाई आणि तिचीं झाडें

हस्तलिखितांच्या याद्यांतून पत्रसंख्या, दर पृष्ठावरील ओळी, अक्षरवळण, लेखनशक, पूर्णापूर्णता इतकें सर्व नोंदलेलें असतें. शाईविषयीं मात्र 'काळी' एवढा एकच शब्द लिहून संग्राहक पुढच्या पोथीकडे वळतो. वस्तुतः काळी शाई ही एक वस्तु नव्हे. आपल्याकडील काळ्या शाईचीं मुख्य कुळें दोन. एकाच्या मुळाशीं बाभळ आहे व दुसऱ्याच्या मुळाशीं हिरडा. पोथी टिकणार कीं नष्ट होणार, आणि तिच्या वयाविषयीं आपण काढलेलें अनुमान खरें कीं खोटें, हें पुष्कळ अंशीं या दोन अतिपरिचित झाडांवर अवलंबून आहे.

देशावरच्या माळावर व ओढ्याकांठीं बाभळ कोणी न लावतां येते. तिच्या चिवट लांकडाचीं औतें व गाडीचीं चाकें होत. कांटेरी फांद्या कुंपणास, शेंगा शेळ्यामेंढ्यांस आणि साल कातडें कमावण्यास उपयोगीं पडे. लेखकास हवा तो तिचा डिंक. उन्हाळ्यांत सालीस खांच पडली कीं तो पाझरून थिजतो. दिव्याचें काजळ पाण्यांत विरघळत नाहीं. डिंकाच्या पाण्यांत पुष्कळ वेळ घोटलें म्हणजे मात्र त्याचे कण सारखे पसरतात व वाळल्यावर कागदास धरून राहतात. गुजरातेंतील जैन लेखकांमध्यें काजळाइतका हिराबोळ व त्याच्या दुप्पट डिंक असें प्रमाण सांगत, आणि त्यांत माक्याचा रस मिळाल्यास अक्षर विशेष तेजस्वी होतें असें मानीत. काजळाचा रंग उन्हानें उडत नाहीं. तें कागदासहि खात नाहीं. तीनशें वर्षांमागील अक्षर कालच लिहिल्यासारखें दिसतें तें या शाईचें. तिचा शत्रु एकच, पाणी. डिंक मुळांत पाण्यांत विरणारा असल्यामुळें ओलें फडकें लागतांच ओळी फिसकटतात, आणि शाईंत तो अधिक पडला असेल तर पावसाळी हवेंत पानेंहि एकमेकांस चिकटतात. अशा वेळीं पानांवर गुलाल भुरभुरण्याची चाल जैन भांडारांत होती. म्हणून एखाद्या पोथींत गुलाल सांपडल्यास तो पूजेचाच असला पाहिजे असें नाहीं.

हिरड्याची गोष्ट निराळी. या झाडास आपल्या लोकांनीं फार मोठा मान दिला आहे. इंद्र अमृत पीत असतां त्याचा एक थेंब पृथ्वीवर पडला व त्यापासून हरीतकी उपजली अशी कथा वैद्यकग्रंथांत आहे. ज्यास आई नाहीं त्याची आई हिरडा, असेंहि वैद्य म्हणत. भीमाशंकराच्या रानांत व जुन्नरच्या पश्चिमेकडील मावळांत हा वृक्ष विपुल असून तेथील महादेव कोळी त्याचीं कोवळीं फळें वेंचून, वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात. त्याच जुन्नरास कागदहि होत असे, हा योगायोग चमत्कारिक खरा. इंग्रजी अमदानींत हिरडा मुंबई बंदरांतून विलायतेस गेला तो औषधासाठीं नव्हे, कातडें कमावण्यासाठीं. जो तुरट रस कातडें कमावतो तोच हिराकसाशीं किंवा लोखंडाच्या किसाशीं मिळाला म्हणजे काळा होतो, आणि हीच दुसरी शाई. ती कागदाच्या अंगांत मुरते, त्यामुळें पाण्यानें सहसा धुऊन जात नाहीं. हिशेबी माणसास हा मोठाच गुण वाटला असेल. परंतु हिराकसांतील आम्ल मागें राहून कागद जाळीत जातें. प्रथम अक्षराची कड तपकिरी होते, मग पाठीमागच्या पृष्ठावर डाग उमटतो, शेवटीं जाड रेघेच्या जागीं भोंक पडतें. जुने जैन लेखक अशी शाई कागदाच्या पोथीस वर्ज्य सांगत. त्यांनीं हें अनुभवानें ताडलें होतें.

यावरून तपकिरी अक्षर म्हणजे प्राचीन व काळेंभोर अक्षर म्हणजे अर्वाचीन, हा सरसकट वापरला जाणारा ठोकताळा निरुपयोगी ठरतो. बाभळीच्या डिंकाची सतराव्या शतकांतील पोथी ताजी वाटेल आणि हिरड्याची एकोणिसाव्या शतकांतील वही जीर्ण दिसेल. केवळ काळेपणावरून अस्सल कागद बनावट ठरविणें, किंवा तपकिरीवर भाळून बनावट कागदास मोल देणें, हे दोन्ही प्रमाद यांतूनच उद्भवतात. परीक्षेसाठीं ओलें बोट लावणें हा तर अपराधच. पान उलटून पाठ पाहावी. शाई कागदावर बसली आहे कीं आंत उतरली आहे हें बहुधा तेवढ्यानेंच कळतें. साधनें असतील तेथें अवरक्त प्रकाशांत छायाचित्र घ्यावें. त्यांत काजळ काळेंच राहतें व हिरड्या-हिराकसाचें अक्षर फिकें होऊन नाहींसें होतें. मिश्र शायाहि होत्या, तेव्हां एकाच खुणेवर निकाल देऊं नये.

लाखेचा विचार येथें थोडक्यांत पुरे. लाखेचा किडा पळस, बोर व कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर पोसतो. त्याच लाखेचा रस लोध्राची साल व क्षार घालून शाईंत मिळवीत, व तिनें बंद केलेल्या पत्रास आपण अद्याप लखोटा म्हणतों.

पोथीच्या राखणीस ठेवलेल्या झाडांत निंब पहिला. धान्याच्या कणगींत घालावयाचा पाला पोथींत आला हें साहजिकच होय. परंतु हिरवा पाला ओलावा सोडतो, आणि वर सांगितल्याप्रमाणें दोन्ही शायांस ओलावा घातक. डिंकाची शाई त्यानें चिकटते, हिरड्याची अधिक वेगानें जाळते. पाला ठेवणेंच असेल तर सावलींत पूर्ण वाळवून, पानांमध्यें न घालतां रुमालाच्या घडींत ठेवावा. पोथीच्या फळ्यांचेंहि तसेंच आहे. सागाच्या अंगचें तेल वाळवीस दूर ठेवतें, म्हणून जुन्या सागवानी फळ्या मळकट दिसल्या तरी टाकूं नयेत. आंब्याचें लांकूड स्वस्त, पण त्यास भुंगा लवकर लागतो व तो तेथून पोथींत शिरतो. अशी फळी पोथीपासून वेगळी काढून, तिच्यावर पोथीचा क्रमांक घालून, निराळी जपून ठेवावी.