पाण्यापूर्वीची तयारी : रायपूरच्या मराठी घरांतील महालक्ष्मीचा स्वयंपाक

मराठी आहारेतिहासाचे लेखन प्रायः पदार्थांभोवती फिरते. पदार्थ कोठून आला, केव्हा आला, याची चर्चा होते; परंतु पन्नास पानांची पंगत कोणी, किती दिवस आधीपासून आणि कोणत्या क्रमाने सिद्ध केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) या ग्रंथांची मांडणीही मुख्यतः पदार्थनिहायच आहे. सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नासाठी नाना फडणिसांच्या कारभारात बंदोबस्ताची तपशीलवार याद लिहिली गेली, कारण तेथे कामे वाटून घेण्यास कारकून व आचारी होते. सामान्य घरात ही सारी याद एका स्त्रीच्या स्मरणात असे.

छत्तीसगडाशी मराठ्यांचा राजकीय संबंध १७४१ च्या भास्करपंतांच्या स्वारीपासूनचा. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांचा कारभार रतनपुराहून चाले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने ठाणे रायपुरास हलविले. तथापि रायपूरच्या मराठी वस्तीचा उगम केवळ भोसलेकाळात शोधणे अपुरे ठरेल. १८८७ मध्ये स्थापन झालेली बंगाल-नागपूर रेल्वे आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच प्रांताची राजधानी असणे, या दोन गोष्टींनी कारकून, शिक्षक व रेल्वे नोकरांची कुटुंबे येथे येणे सुकर केले. नागपूरकडील घरांनी आपल्याबरोबर भाद्रपदातील महालक्ष्म्या आणल्या.

हा तीन दिवसांचा कुळाचार आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन व महानैवेद्य, मूळावर विसर्जन. खरा भार मधल्या दिवसाचा. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, कोशिंबिरी, वडे, खीर आणि आंबील हे सारे एकाच नैवेद्याच्या वेळेस तयार हवे. त्यात सोवळ्याचा नियम. कोरडे धान्य कोणीही निवडावे, दळून आणावे. परंतु त्याला पाणी लागले की पुढचे काम सोवळ्यातील स्त्रीनेच करावयाचे. अर्थात स्वयंपाकाची विभागणी पाण्यापूर्वीची आणि पाण्यानंतरची अशी होई. चतुर गृहिणीचे कौशल्य पाककृतीइतकेच येथे दिसे. जितके काम पाण्याच्या अलीकडे उरकता येईल तितके ती आठ-दहा दिवस आधीच उरकून घेई. हरभऱ्याची डाळ निवडणे, गूळ चिरणे, वेलदोडे-जायफळ कुटणे, वड्यांचे पीठ दळणे, तीळ-दाण्यांचे कूट करणे ही त्यांतली कामे. कुरडया-पापड तर वैशाखातल्या उन्हातच झालेले असत. भाद्रपदाच्या पंगतीचा एक भाग असा चार महिने आधी शिजून वाळलेला असे.

या कोरड्या तयारीचा आरंभ बाजारात होई. रेल्वे स्थानकाच्या पलीकडची गुढियारी ही घाऊक किराण्याची पेठ म्हणून दीर्घकाळ ओळखली गेली. डाळ, गूळ, साखर यांची एकगठ्ठा खरेदी अशा पेठेतच परवडणारी. ज्वारी मात्र या भाताच्या मैदानाचे पीक नव्हे, त्यामुळे आंबिलीचे पीठ आधीच आठवणीने मिळवून ठेवावे लागे.

खरी अडचण पंचांगाची होती, आणि ती विदर्भात नव्हती. आपल्या श्रावण अमावास्येचा पोळा छत्तीसगडात भादो अमावास्येचा ‘पोरा’ होतो. दिवस एकच, महिन्याचे नाव निराळे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तीजा. त्या सणाला विवाहित छत्तीसगढी स्त्री माहेरी जाते, आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर ‘करू भात’ खाते आणि दुसरे दिवशी निर्जळी उपवास करते. म्हणजे ज्या घरी धान्य निवडण्यास व भांडी घासण्यास छत्तीसगढी बाई येत असे, तेथे महालक्ष्म्यांच्या ऐन तोंडावर ती नसे. सोवळ्यामुळे तिला चुलीपाशी प्रवेश नव्हता. कोरडी बाजू मात्र बरीचशी तिच्याच हातांवर उभी होती. साहजिकच ती कामे पोळ्यापूर्वी संपविणे भाग पडे. मराठी गृहिणीच्या ‘आधीच सारे तयार’ या लौकिकात या अनामिक श्रमाचा वाटा किती होता, हे कुळाचाराच्या वर्णनांत कोठेही नोंदले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तीजा-पोऱ्याच्या ठेठरी आणि खुरमीने शेजारघरांतला दुसरा मार्गही समोर ठेवला होता. बेसनाची ठेठरी, गूळ-कणकेची खुरमी. दोन्ही तळलेली, कित्येक दिवस टिकणारी. सणाच्या दिवशी त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. महानैवेद्याने हा मार्ग स्वीकारला नाही, कारण पोळी तव्यावरून पानात यावी हा आग्रह.

पुढे सीमारेषाच सरकली. १९५९ पासून भारतात बनू लागलेल्या प्रेशर कुकरने डाळ शिजण्याचा वेळ घटविला, आणि फ्रिज आल्यावर पुरण आदल्या रात्री वाटून ठेवणे शक्य झाले. पण यंत्राआधी सोवळे सैल व्हावे लागले. शिळे कशाला म्हणावे, याचा निर्णय घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीनेच द्यावयाचा होता. अनेक घरांत सोळा भाज्या निरनिराळ्या न करता एकत्र शिजविल्या जातात. रायपुरात त्या सोळांत लाल भाजी, चेच भाजी आणि कोचई म्हणजे आपले अळू यांनाही जागा मिळू शकते, कारण या दिवसांत बाजारात त्याच ताज्या असतात.