दाढेवरून ओळख

या पुस्तकात भेटणाऱ्या बहुतेक प्राण्यांची आपल्यापर्यंत पोचलेली एकमेव खूण म्हणजे एखाददुसरी दाढ. क्रिटेशस काळ १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळातले सस्तन प्राणी बहुतांशी उंदीर-चिचुंद्रीएवढे, त्यामुळे त्यांची हाडे सहज चुरून जातात. दातावरचे इनॅमल हा मात्र शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, म्हणून तेवढे टिकते. गोणीभर माती भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने कणाकणाने निवडावा, तेव्हा कुठे एक-दोन मिलिमीटरची दाढ हाती लागते. तिची चकाकी दिसली की दिवसभराचा शीण जातो.

एवढ्याशा दाढेवरून प्राण्याचे कूळ कसे सांगता येते? जिभेने स्वतःच्या खालच्या दाढेचा मधला खळगा चाचपून पाहा. तोंड मिटले की वरच्या दाढेचे आतले टोक त्यात नेमके बसते, खलात बत्ता बसावा तसे. अशी दाढ एकाच चाव्यात कापते आणि कुटतेही. सिम्पसन यांनी १९३६ साली तिला ट्रायबॉस्फेनिक हे नाव दिले. घासणे आणि पाचर या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. या टोकांची उंची, त्यांना जोडणाऱ्या कडा, खळग्याची रुंदी, झिजेच्या खुणा हीच आमची बाराखडी.

ही बाराखडी आपल्या पायाखालच्या खडकालाही लागू पडते. दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ साचलेला सापडतो. नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात अशा थरांतले जीवाश्म गोळा केले. पुढे तेलंगणातल्या नसकल इथे अशाच थरात काही दाढा मिळाल्या आणि १९८८ साली प्रसाद आणि सहानी यांनी भारतातला पहिला क्रिटेशस सस्तन प्राणी जाहीर केला, डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. अर्थ, हिस्लॉप यांच्या नावाचा दख्खनचा लुटारू.

नाव टिकले, पण पत्ता बदलत राहिला. आधी त्याला कीटकभक्षकांच्या एका जुन्या कुळात बसवले होते. १९९४ साली घोट्याची हाडे अभ्यासली गेली, त्यांवरून तो झाडावर चढणारा असावा असे दिसले आणि त्याचे नाते वानरकुळाच्या दिशेने जोडले गेले. २०१० साली तो आफ्रिका-युरोपातल्या अ‍ॅडापिसोरिकुलिड गटात गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या सगळ्या गटाला वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ नेणारी मांडणी आली. मला हा इतिहास फार मोलाचा वाटतो. एकसारखा चारा खाणाऱ्या दोन दूरच्या कुळांच्या दाढा सारख्या होऊ शकतात, हे विद्यार्थ्याला यातून जितके कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

पुढच्या प्रकरणांत काही नावांपुढे मी मुद्दाम प्रश्नचिन्ह ठेवले आहे. तिथे सध्या हाती एकच दाढ आहे, आणि तीही झिजलेली.