चिपी ते मोपा: अंतर 45 किलोमीटर

आमचा चिपी आणि गोव्याचा मोपा. नकाशावर सरळ रेघ ओढलीत तर अंतर साधारण 45 किलोमीटर, विमानाला दहा-बारा मिनिटांचं काम. पण इतिहास बघा.

चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 ला झालं, मोपाचं 11 डिसेंबर 2022 ला. चिपीच्या मुंबई विमानाला ‘उडान’ योजनेचा तीन वर्षांचा टेकू होता. मुदत सरली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ते विमान थांबलं. मोपाला गोव्याच्या पर्यटकांचा आधार. सावंतवाडीकरालाही मोपाच जवळ. चिपी सोयीचा तो मालवण-वेंगुर्ल्याला.

म्हणून मी म्हणतो, विमान किती मिनिटांत पोचतं ते नंतर. आधी विचारा, टेकू काढल्यावर ते उडणार का?