जोत्याखालचे घर

श्रावण सरत आला की आमच्या लश्करातल्या जुन्या घरांतून दरवर्षी एकच गाऱ्हाणे ऐकू येते: गणपतीच्या कोपऱ्यातला रंग पुन्हा सुटला. अक्षय्य तृतीयेला रंगवलेली भिंत कंबरेपर्यंत फुगते, पापुद्रे गळतात, लोणा लागतो. मखरामागे एक जरीचे कापड ताणून बसवले की दहा दिवस निभावतात. दोष भिंतीचा, चुन्याचा नाहीतर रंगाऱ्याचा, असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो. फरशीच्या खाली डोकवायचे कुणाला सुचले नाही.

आपले पूर्वज देशावरून निघाले तेव्हा घराची एक रीत बरोबर घेऊन निघाले होते. आधी जोते. घडीव काळ्या दगडाचे, आत मुरूम ठोकून भरलेले, अंगणापासून चांगले उंच. लाकडी खांब जमिनीत पुरायचा नाही. त्याच्या खाली दगडी तळखडा हवाच. वाळवी आणि ओल, दोघींनाही तिथेच अडवायचे. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत वरचे लाकडी वैभव सगळे गेले. आज पुण्याला गेल्यावर आपण पाहतो ते तट, दरवाजे आणि जोती.

जमिनीच्या पोटातला कोरडेपणाही त्यांना ठाऊक होता. धान्याचे पेव म्हणजे दुसरे काय? खड्ड्याला कडब्याचे वा भुशाचे अस्तर, त्यावर धान्य, तोंड मातीने लिंपून बंद. आत ओल शिरत नाही, किडीला हवा मिळत नाही. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, कोंडलेली हवा जीव घेते, हेही घरोघर माहीत असे. (हल्ली पेव फुटते ते फक्त संस्थांचे!)

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी उज्जैनीहून ग्वाल्हेरला तळ हलवला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेल्या छावणीचेच शहर झाले. नावही तेच राहिले, लश्कर. इथे दगड वेगळा होता, वाळूचा, पाट्यांसारखा निघणारा. उन्हाळा तर अगदीच वेगळा. लू म्हणजे काय ते पुण्या-साताऱ्याच्या माणसाला पहिल्या ज्येष्ठातच कळले असणार. पण उत्तर समोर किल्ल्यावर होते. मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेल्या मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत आणि वारा खाली उतरावा म्हणून भिंतींतून वाटा काढलेल्या आहेत. पुढे मोगलांनी तिथे कैदी ठेवले, म्हणून आपल्याला ती जागा अंधारकोठडी म्हणूनच सांगितली जाते. मूळ बेत मात्र गारव्याचा.

देशावरच्या तळघरात दागिने, दप्तरे आणि अडीअडचणीला माणूस लपे. इथे त्याचा तहखाना झाला आणि त्यात दुपार राहू लागली. नव्या मंडळींनी जोते आपले ठेवले, पण त्याचे पोट पोकळ केले. आमच्या मते इथल्या मराठी घराची खरी ओळख ती आहे. सज्जे आणि कमानी नंतर.

युक्ती साधी आहे. माती सावकाश तापते आणि सावकाश निवते. वरच्या वीतभर थराला दिवस-रात्र कळते. पुरुषभर खोल गेले की फक्त ऋतू कळतात, तेही उशिरा. म्हणून बाहेर पारा ४५ अंशांवर असताना खाली अंगावर पंचा घ्यावासा वाटे. जोत्यात रस्त्याच्या बाजूला आणि चौकाच्या बाजूला दगडी जाळ्या असत. रात्री त्या उघड्या, ऊन चढले की बंद, वर वाळ्याचा ओला पडदा. पावसाळ्यात मात्र आमच्या आजी खाली कुणाला फिरकू देत नसत. दमट वारा आत घेतला तर गार भिंतींना घाम फुटतो, म्हणून जाळ्यांना फळ्या. आश्विनात हवा कोरडी झाली की पुन्हा सगळे सताड उघडे. ओल आणि ऊब यांचा इतका नेमका हिशेब आमच्यातल्या शिकलेल्यांनाही जमलेला नाही.

मग घरात कूलर आले, वाटण्या झाल्या, तहखान्यात मोडक्या खाटा गेल्या. सर्वांत मोठी गोष्ट रस्त्याने केली. दर डांबरीकरणाला तो चार बोटे वर आला आणि जाळ्या त्याच्या खाली गेल्या. पहिल्याच जोराच्या पावसात पाणी आत आले. आम्ही विटा-सिमेंटने जाळ्या बुजवल्या, वर गुळगुळीत टाइल बसवल्या, भिंतींच्या पायाला सिमेंटचा गिलावा चढवला. जमिनीतली ओल पूर्वी पाट्यांच्या सांध्यांतून आणि चुन्यातून हळूहळू उडून जात असे. आता तिला वाट नाही. ती भिंतीच्या पोटातून चढते आणि सिमेंट जिथे संपते तिथे बाहेर पडते. नेमका तिथेच आमचा देव्हारा.

एका घरी तर ठेकेदाराच्या सल्ल्याने तहखान्यात मलबाच भरला. दोन पावसाळ्यांत ओसरीची फरशी मध्ये खचली, ओल चौकटीच्या वर गेली आणि जी खोली मे महिन्यातही निववत असे तिथे एसी लावावा लागला. त्या घरचे आम्हीच. दुसऱ्याचे नाव कशाला घ्या.

इंदूर-उज्जैनकडच्या सोयऱ्यांनी हे जसेच्या तसे उचलू नये. तिकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे ती काढून टाकून मुरमापर्यंत पाया नेण्यातच शहाणपण.

गेल्या आश्विनात आमच्या दोन घरांनी भिंतींच्या पायाचे सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. रस्त्याकडच्या जाळ्या गेल्या त्या गेल्याच, पण चौकातल्या उघडल्या. चुन्याचे काम जाणणारा एकच म्हातारा गवंडी मिळाला. तो दिवसाला हातभरच काम करी आणि घाई केली की थापी खाली ठेवून चहा मागे. एका घरची भिंत कोरडी आहे. दुसरीवर अजून एक पट्टा दिसतो, तो गेल्या वर्षीपेक्षा वीतभर खाली उतरला आहे. आमच्या घरचा मलबा अजून काढायचा आहे. आठ ट्रॉल्या निघेल म्हणतात. यंदा मखरामागे कापड आहेच.