भांगेतली तुळस : एका औषधाचा रेंगाळलेला इतिहास

चांगल्यात शिरलेल्या वाइटाला मराठीत ‘तुळशीत भांग’ म्हणतात. उलट प्रकार असेल तर ‘भांगेत तुळस’. भाषेने भांगेची पायरी अशी ठरवून टाकल्यामुळे, त्याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल हे द्रव्य आज लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर मान्यताप्राप्त औषध आहे, हे ऐकताना आपण किंचित बिचकतो. आम्ही साहित्याचे अध्यापक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखादी गोष्ट अनुभवाला येणे आणि ती सिद्ध होणे यांत किती काळ जाऊ शकतो, याचे इतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यात होतो. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे आयरिश डॉक्टर तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. (पुढे १८५० च्या दशकात हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारणारे ते हेच.) पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणकारांकडून त्यांनी गांजाविषयीची देशी माहिती मिळवली, आधी जनावरांवर प्रयोग केले आणि मगच मद्यार्कात काढलेला गांजाचा अर्क रुग्णांना दिला. १८३९ च्या सुमारास त्यांनी नोंदवलेल्या रुग्णांत अवघ्या ४० दिवसांची एक मुलगी आहे. तिला एकामागून एक आकड्या येत होत्या. जळवा, रेचके, अफू असे सारे उपाय थकल्यावर अर्काचा एक थेंब तिच्या जिभेवर ठेवण्यात आला. आकड्या थांबल्या, पुन्हा आल्या. मात्रा वाढत वाढत दिवसाला १३० थेंबांवर गेली. मूल बरे झाले. मात्र ज्या अर्काचे १३० थेंब त्या तान्ह्या जिवाला लागले, त्याच्या दहा थेंबांनी एका तरुण विद्यार्थ्याला नशा चढली होती, हेही ओशॉनेसी यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

एकोणिसाव्या शतकातील वैद्यक अडले ते या विसंगतीपाशीच. गांजा कोणत्या प्रांतातला, किती जुना, कसा साठवलेला, यानुसार अर्काचा जोर बदलत असे. आणि त्यातले नेमके कोणते द्रव्य काम करते हे कोणालाच सांगता येत नव्हते. ओशॉनेसी यांच्यामुळे हे औषध युरोपात पोहोचले आणि काही दशके तेथील डॉक्टर ते देतही राहिले. पण ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे सुईवाटे देता येईना. हळूहळू मॉर्फिन आणि कारखान्यांत तयार होणाऱ्या नव्या औषधांनी त्याची जागा घेतली. १९३७ मध्ये अमेरिकेने या वनस्पतीवर जाचक कर लादला आणि १९४२ मध्ये ती तेथील अधिकृत औषधसंहितेतूनही वगळली गेली.

दारे अशी बंद होत असतानाच, १९४० मध्ये, इलिनॉय विद्यापीठातील रॉजर अ‍ॅडम्स यांनी मिनेसोटातील रानटी भांगेतून कॅनाबिडिऑल वेगळे केले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या गटानेही ते इजिप्तमधील हशीशमधून मिळवले. परंतु त्या काळचा शोध होता नशा आणणाऱ्या घटकाचा. कॅनाबिडिऑलने नशा येत नाही असे दिसताच त्याच्यातील रस ओसरला. त्याची नेमकी रचना कळायला १९६३ साल उजाडले. इस्राएलमधील राफाएल मेशुलाम यांनी पोलिसांकडून जप्त केलेले पाच किलो लेबनानी हशीश मागून घेतले आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत नेले. पुढच्याच वर्षी त्यांनी नशा आणणारा टीएचसी हा घटकही शुद्ध स्वरूपात वेगळा केला, आणि सारी कीर्ती त्या घटकाकडे गेली.

यानंतरचे पान ब्राझीलमध्ये लिहिले गेले. साओ पाउलो येथील एलिसाल्दो कार्लिनी यांच्या गटाने १९७० च्या दशकात कॅनाबिडिऑलमुळे प्राण्यांतील आकड्या कमी होतात असे दाखवले. मेशुलाम यांच्या सहकार्याने केलेली माणसांवरील चाचणी १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रचलित औषधांना दाद न देणारे १५ रुग्ण तीत होते. आठ जणांना रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅनाबिडिऑल आणि सात जणांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. आठांपैकी चौघांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या, तिघांना काही प्रमाणात उतार पडला. दुसऱ्या गटात सुधारणा झाली ती एकाच रुग्णात.

आठ रुग्णांवरून औषध सिद्ध होत नाही, हे खरे. पण मोठी चाचणी उभारायला एवढे कारण पुरेसे होते, आणि ती कोणी उभारली नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या वनस्पतीला कडक निर्बंधांखाली आणले होते; तिच्यावर संशोधन करायचे म्हणजे परवान्यांचे खेटे घालणे आले. निसर्गात आयत्या मिळणाऱ्या द्रव्यावर पैसा लावण्यास औषधकंपन्याही फारशा उत्सुक नव्हत्या. आपल्या निष्कर्षांचा पाठपुरावा झाला नाही, ही खंत मेशुलाम यांनी पुढे वारंवार बोलून दाखवली.

कोंडी फुटली ती एका मुलीमुळे. कोलोरॅडोतील शार्लट फिगी या मुलीला ड्रॅव्हे सिंड्रोम हा अपस्माराचा तीव्र प्रकार होता. आठवड्याला सुमारे ३०० झटके येत. कॅनाबिडिऑलचे प्रमाण अधिक असलेल्या तेलाने ते महिन्याला दोन-तीनांवर आले. २०१३ मध्ये ही कहाणी दूरचित्रवाणीवर आली आणि ठिकठिकाणची हताश कुटुंबे कोलोरॅडोकडे निघाली. तिचा अनुभव खरा होता. पण कलकत्त्यातील त्या तान्ह्या मुलीचाही खराच होता. पुरावा अजून यायचा होता.

तो २०१७ मध्ये आला. ड्रॅव्हे सिंड्रोम असलेल्या १२० मुलांवर आणि तरुणांवर १४ आठवडे चाचणी झाली. कोणाला औषध मिळते आहे आणि कोणाला नुसते द्रावण, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते नि पालकांनाही. औषध घेणाऱ्यांत झटक्यांचे महिन्याचे मध्यक प्रमाण १२.४ वरून ५.९ वर आले. इतरांत ते १४.९ वरून १४.१ एवढेच उतरले. औषध घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांचे झटके निम्म्याने किंवा अधिक घटले. मात्र नुसते द्रावण घेणाऱ्यांतही २७ टक्क्यांना तेवढाच गुण आला. हा आकडा आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटतो. चाचणीवाचून त्या २७ टक्क्यांनीही औषधाचेच गुण गायिले असते, आणि अगदी मनापासून. जुलाब, गुंगी, यकृतावरील ताण असे दुष्परिणामही याच चाचणीत मोजले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेने एपिडिओलेक्स या शुद्ध कॅनाबिडिऑलच्या औषधाला मान्यता दिली.

त्या मान्यतेच्या आधीच बाजार पुढे धावला होता. अपस्मारासाठी मिळालेल्या पुराव्याच्या जोरावर हे तेल निद्रानाश, सांधेदुखी, चिंता, अगदी कर्करोगावरही खपवले जाऊ लागले. यांपैकी काही उपयोगांवर संशोधन चालू आहे, पण अपस्माराइतका भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. २०१७ मध्येच संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली ८४ उत्पादने तपासली, तेव्हा लेबलवरचे प्रमाण जेमतेम २६ बाटल्यांत बरोबर निघाले आणि १८ बाटल्यांत टीएचसी आढळले. बाटलीत नेमके काय आणि किती, हा ओशॉनेसी यांना पडलेला पेच पावणेदोनशे वर्षांनी दुकानात परत आला.

‘हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह येथे होईल. कलकत्त्यातील तो अर्क अनेक द्रव्यांचे मिश्रण होता. त्याचे यश आज एकट्या कॅनाबिडिऑलच्या नावावर मांडणे हा इतिहास नव्हे. देशी जाणकारांनी प्रश्न कोठे शोधावा हे दाखवले, आणि ते श्रेय लहान नाही. उत्तर मात्र मोजमापातूनच मिळायचे होते. १९८० च्या आठ रुग्णांपासून २०१७ च्या १२० रुग्णांपर्यंत ३७ वर्षे गेली. निसर्गाने काही दडवून ठेवल्यामुळे हा उशीर झाला नाही. वनस्पतीची बदनामी आणि नफ्याचे गणित यांनी तो केला. त्या ३७ वर्षांत कितीतरी मुले दिवसाला अनेकदा जमिनीवर कोसळत मोठी झाली, काही मोठी होऊ शकली नाहीत. या संशोधनाच्या इतिहासात त्यांचीही नोंद असली पाहिजे.