सतरा सप्टेंबर

मराठवाड्यातल्या माणसाला 17 सप्टेंबर म्हटले की 1948 आठवते. निजामाने शरणागती पत्करली तो दिवस. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली तीही 17 सप्टेंबरलाच, 1991 साली. हे मला फार उशिरा कळले.

2007 मध्ये लातूरला माझा संगणक व्हायरसने तिसऱ्यांदा बसला. आतली प्रणाली चोरीची, तक्रार कुणाकडे करणार? नांदेडच्या भाच्याने उबुंटूची सीडी दिली. तेव्हा ती टपालाने फुकट यायची. भारनियमनाच्या वेळा सांभाळून ती चढवली.

घोडे अडले वडिलांच्या आठवणींपाशी. रझाकारांच्या दिवसांत गाव सोडल्याची हकिगत त्यांनी सांगितली, मी टंकली होती. चाळीस पाने. आता उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसवलेली असे. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, 0915.

वडील हयात नव्हते. छापील पाने बत्तीसच. ती इनस्क्रिप्ट कळफलकावर पुन्हा टंकली. तेवढाच हाताला सराव. मग भाचा म्हणाला, “मामा, छापील पान आणि ही खिचडी शेजारी ठेवू.” कोणत्या खुणेचे कोणते अक्षर, असा तक्ता दोघांनी वहीत मांडला. त्यावरून उरलेली आठ पाने उलगडली. शेवटच्या पानावर, वडिलांना कडब्याच्या गंजीत लपवणाऱ्या बाईंचे नाव होते.