रेशमाचा धागा : जपान ते म्हैसूर

जपानी भरतकामाचा माग प्रथमच पाहणाऱ्यास नवल वाटते ते त्यातील संथपणाचे. लाकडी चौकटीवर रेशमी वस्त्र डफाच्या चामड्यासारखे ताणून बसविलेले असते. कारागिराचा एक हात वस्त्राच्या वर असतो आणि दुसरा खाली. सुई वरून खाली जाते, खालून वर येते, आणि दिवसभराच्या बैठकीनंतर शेवंतीची एखादी पाकळी किंवा क्रौंच पक्ष्याच्या पंखातील चारदोन पिसे पुरी झालेली दिसतात. मोठा पट संपविण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागतात.

या कामातील पुष्कळशी भरणी पीळ न दिलेल्या सपाट रेशमाने होते. पीळ नसल्यामुळे तंतू एकमेकांशेजारी मोकळे राहतात, आणि प्रकाश पडताच साऱ्या पाकळीवर तेज पसरते. परंतु हे रेशीम तितकेच निष्ठुर असते. धागा कोठे जाड, कोठे बारीक असला, त्यात गाठ किंवा कुसर असली, तर ती झाकण्यास पिळाचा आडोसा नसतो. म्हणून या कलेची प्रगती सुईच्या टोकाशी दिसत असली, तरी तिचा आरंभ तुतीच्या पानापाशी होतो.

जपानला हे सत्य अनायासे उमगले असे नाही. 1868 च्या मेजी परिवर्तनानंतर सरदारांचा आश्रय सुटला आणि भरतकामाच्या कारागिरांस नवे गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. क्योतो येथील व्यापाऱ्यांनी भरतकामाचे मोठे पडदे व भित्तिपट करवून ते परदेशी प्रदर्शनांत मांडले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी पाश्चात्त्यांचे डोळे दिपविले. याच काळात जपानने धाग्याकडेही लक्ष पुरविले. 1872 साली पॉल ब्रुना या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तोमिओका येथे सरकारी सूतगिरणी उभी राहिली आणि तेथे सामुराई घराण्यांतील मुलीही कोषांतून रेशीम उकलण्याचे काम शिकल्या. पुढे 1906 मध्ये तोयामा कामेतारो या शास्त्रज्ञाने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम रेशीमकिड्यांसही लागू पडतात हे दाखवून संकरित बीजाचा पुरस्कार केला. जपान असा आधी शिष्य झाला आणि मग गुरू झाला.

त्या गुरूकडे ज्या भारतीय संस्थानाने विशेष आशेने पाहिले, ते म्हैसूर होय. तेथे रेशमाची मुळे टिपू सुलतानाच्या काळात रुजली. रेशीमकिडे आणण्यासाठी बंगालला धाडलेली माणसे परत येत आहेत, तेव्हा किड्यांच्या निगेची व्यवस्था करून ठेवावी, अशा आशयाचे त्याचे 1786 सालचे पत्र उपलब्ध आहे. सुलतान 1799 मध्ये पडला, पण तुतीची लागवड टिकून राहिली. म्हैसुरी किडा काटक. उष्णता सोसणारा, वर्षातून अनेक पिके देणारा. त्याचा हिरवट-पिवळा कोष मात्र लहान, आणि त्यातून सुमारे साडेतीनशे ते चारशे मीटरच धागा निघे. जपानी जातीच्या पांढऱ्या कोषातून याच्या दुपटीहून अधिक, आणि अधिक सारखा, धागा मिळे. गावच्या चरख्यावर उकललेले म्हैसुरी रेशीम हातमागावरील बाण्यास पुरेसे होते. पण जेथे धाग्याची कसोटी लागे, तेथे ते मागे पडे.

हे अंतर मुंबईच्या एका उद्योगपतीच्या मनात भरले. जमशेटजी टाटा 1893 साली जपानला जाऊन आले होते. त्या शतकाच्या अखेरीस त्यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूर येथे रेशीमशेती उभारली आणि तिची व्यवस्था ओझू नावाच्या जपानी दांपत्याकडे सोपविली. तुतीची लागवड, किड्यांची जोपासना, रोगाची परीक्षा आणि रेशीम उकलणे या साऱ्यांचे शिक्षण तेथे जपानी पद्धतीने मिळू लागले. बंगळुरातील तो भाग अजूनही ‘टाटा सिल्क फार्म’ याच नावाने ओळखला जातो.

पुढील पाऊल खुद्द संस्थानाने टाकले. 1912 मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत म्हैसूर शहरात रेशीम विणण्याचा कारखाना निघाला. त्याचे पहिले 32 माग स्वित्झर्लंडहून आले. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले आणि जपान प्रत्यक्ष पाहिलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याच वर्षी दिवाण झाले. त्यांच्या काळात वॉशिंग्टन मारी या इटालियन तज्ज्ञाला पाचारण करण्यात आले आणि रोगमुक्त अंड्यांच्या पैदाशीची घडी बसू लागली. नव्या रेशीम खात्याचा भार नवरत्न रामराव या अधिकाऱ्याने वाहिला. रयतेच्या घरात वर्षानुवर्षे चालत आलेली रीत हुकूमनाम्याने बदलत नाही. ती एकेका कुटुंबाला पीक साधून दाखवूनच बदलावी लागते.

जपानी किडा जसाच्या तसा आणून भागत नव्हते. दक्षिणेच्या उन्हाळ्यात तो रोगाला बळी पडे. तेव्हा 1920 नंतर म्हैसुरी मादी आणि परदेशी नर यांच्या संकरावर भर देण्यात आला. आईचा काटकपणा व बापाचा लांब धागा असा हा समझोता होता, आणि त्याने रयतेचे उत्पन्न वाढले.

इतक्यात गुरूच प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभा ठाकला. जागतिक मंदीत अमेरिकेची बाजारपेठ ढासळली आणि स्वस्त जपानी रेशीम भारतात येऊ लागले. कोषांचे भाव कोसळले. पुष्कळ शेतकऱ्यांनी तुतीच्या बागा मोडल्या. 1933 साली टॅरिफ बोर्डाने या धंद्याची चौकशी केली व 1934 मध्ये संरक्षक जकात बसली. दुसऱ्या महायुद्धात जपानी माल बंद झाला, हवाई छत्र्यांसाठी रेशीम हवे झाले, आणि धंदा पुन्हा तरला. परंतु जकात आणि युद्ध यांनी मिळणारी उसंत ही गुणाची जागा घेऊ शकत नाही. धागा होता तसाच राहिला.

ते अपुरे काम स्वातंत्र्यानंतर हाती घेण्यात आले. केंद्रीय रेशीम मंडळ 1949 मध्ये अस्तित्वात आले, आणि 1961 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संशोधन संस्था पुढे म्हैसुरात, जुना विणकाम कारखाना असलेल्या मानंदवाडी रस्त्यावरच, नांदू लागली. 1991 पासून 2007 पर्यंत तीन टप्प्यांत जपानी तज्ज्ञ येथील शास्त्रज्ञांबरोबर काम करीत होते. त्यांच्या सहकार्यातून पांढरा, लांब धाग्याचा कोष देणारे आणि तरीही येथील हवा सोसणारे दुबार संकर तयार झाले. केवळ बीज बदलून हे साधले नाही. तुतीची सकस जात, बाल्यावस्थेतील किड्यांची वेगळी निगा आणि संगोपनगृहाचे काटेकोर निर्जंतुकीकरण या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडाव्या लागल्या.

आज जपानमध्येच रेशीमशेती अत्यल्प उरली आहे, आणि कर्नाटक हे भारतातील रेशमाचे अग्रगण्य राज्य आहे. येवल्याचा पैठणी विणकर मागावर जे रेशीम चढवितो, तेही बहुधा कर्नाटकाच्या बाजारातून आलेले असते. मात्र कर्नाटकातील रेशमाचा मोठा भाग अद्याप संकरित पिवळ्या कोषांचाच असून उत्तम पांढऱ्या धाग्यासाठी परदेशाकडे पाहणे पुरते संपलेले नाही. ओझू दांपत्याने आरंभिलेला पट शंभराहून अधिक वर्षांनंतरही मागावरच आहे. दुसऱ्याची विद्या घेण्यात कमीपणा नाही. जपानने ती फ्रान्सकडून घेतली, म्हैसुराने जपान व इटलीकडून. मात्र ती आपल्या हवेत, आपल्या रयतेच्या हातात रुजविण्यास पिढ्यांचा धीर लागतो. जपानी कारागीर तो धीर आपल्या सुईपाशी दाखवितो. म्हैसूरच्या शेतकऱ्याने तो तुतीच्या बागेत दाखविला आहे.